गिऱ्हाईक मोबाईलवर काय टाइप करतं? खान्देशात बसून सर्च जाहिरातींवर कमाई उभी करताना

सावद्याला माझ्या मावशीच्या गच्चीवर चैत्रात पाय ठेवायला जागा नसते. ओल्या कापडांवर थापलेले बिबडे, त्यांच्या कडेला कुरडया, कोपऱ्यात वाळत घातलेल्या मिरच्या. चार बायका हाताशी घेऊन ती हा सगळा माल करते आणि ओळखीपाळखीत विकते. "ऑनलाइन काहीतरी कर ना माझ्यासाठी," असं तिने म्हटलं, तेव्हा मी लॅपटॉप उघडला नाही. आधी वही उघडली आणि विचारलं, "मावशी, फोनवर लोक नेमकं काय म्हणून मागतात?"

ती म्हणाली, "आपल्याकडचे बिबडे म्हणता, कोणी बिबड्या म्हणता. पुण्यावाले ज्वारीचे पापड म्हणता. सुरतच्या बाया पहिलं हेच इचारता, घरपोच मिळतीन का?"

हे सगळं मी वहीत जसंच्या तसं उतरवलं. कीवर्ड रिसर्च म्हणतात ते यापेक्षा फार वेगळं नाही. गिऱ्हाईकाच्या तोंडातला शब्द पकडायचा, त्या शब्दामागे त्याच्या मनात काय आहे ते ओळखायचं आणि तो शब्द आपल्याला परवडतो का याचा हिशोब करायचा. पुढचं सारं तांत्रिक काम या तीन गोष्टींवर उभं राहतं. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ज्यांना हे काम शिकून दोन पैसे कमवायचे आहेत, त्यांच्यासाठी मी ते क्रमाने सांगते.

पैसा कुठून येतो, हे आधी ठरवा

गुगलवर कोणी काही शोधलं की निकालांच्या वर-खाली 'प्रायोजित' म्हणून जे दिसतं, ती सर्च जाहिरात. गुगलची ही सेवा २००० साली अ‍ॅडवर्ड्स नावाने सुरू झाली आणि २०१८पासून तिचं नाव गुगल अ‍ॅड्स आहे. जाहिरात नुसती दिसल्याचे पैसे साधारणपणे लागत नाहीत, कोणी तिच्यावर क्लिक केलं की लागतात. कोणत्या शब्दाच्या शोधावर जाहिरात दिसावी ते आपण निवडतो आणि एका क्लिकला जास्तीत जास्त किती देऊ ते सांगतो, त्यालाच बोली म्हणतात.

यातून कमाईच्या वाटा मुख्यतः तीन. पहिली, स्वतःचा किंवा घरचा माल विकणं. दुसरी, गावातल्या धंद्यांच्या जाहिराती चालवून त्यांच्याकडून महिन्याची फी घेणं. तिसरी, दुसऱ्याच्या वस्तूची शिफारस करून कमिशन मिळवणं, म्हणजे अ‍ॅफिलिएट. यूट्यूबवर सगळ्यात जास्त गाजावाजा तिसरीचा असतो आणि नवख्यांचे पैसेही तिथेच जास्त बुडतात. कमिशन तुटपुंजं असतं आणि क्लिकचा खर्च आपला असतो. शिवाय अ‍ॅमेझॉनसारख्यांच्या नियमांत सर्च जाहिरातीतून थेट त्यांच्या पानावर गिऱ्हाईक पाठवायला मनाई आहे. माझं स्पष्ट मत असं: पहिल्या वाटेवर शिका आणि दुसरीवर कमवा. तिसरीकडे वर्षभर तरी बघू नका.

हिशोब खात्याच्या आधी

खातं उघडण्याआधी एका कागदावर हे मांडा. समजा तुम्ही खान्देशी काळा मसाला ९०० रुपये किलोने विकता. मिरची, खोबरं, खडा मसाला, भाजणं, कुटणं मिळून ४८० रुपये. पिशवी आणि खोका ४०. कुरिअर ११०. उरले २७०. मसाल्याच्या जागी तुमचा माल आणि तुमचे आकडे घाला, रीत हीच.

आता १०० लोक जाहिरातीवर क्लिक करून तुमच्या वेबपानावर आले आणि त्यातल्या ३ जणांनी मागणी नोंदवली असं धरा. म्हणजे १०० क्लिकमागे ८१० रुपये सुटले, एका क्लिकमागे ८ रुपये १० पैसे. गुगलच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो वजा केला की क्लिकचा भाव ६ रुपये ८० पैशांच्या आसपास जाऊन थांबतो. तिथे ना नफा ना तोटा. क्लिक ४ रुपयांना मिळाला तर जीएसटीसह ४ रुपये ७२ पैसे, एका मागणीमागे साधारण १५७ रुपये खर्च, हातात ११३.

हा ४ रुपयांचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा. पुढे एखादा शब्द कितीही आवडला आणि तो ९ रुपयांना पडत असला, तर तो आपल्यासाठी नाही. अर्धा किलोची पाकिटं विकायला जाल तर गणित आणखी आवळतं, कारण कुरिअरचा खर्च काही निम्मा होत नाही. म्हणून मावशीला मी सुट्या पाकिटांऐवजी बिबडे, कुरडया, नागलीचे पापड आणि मसाला असा एकत्र खोका करायला लावला. जाहिरातीचा खर्च तेवढाच राहतो आणि खोक्यामागे उरणारी रक्कम वाढते.

शब्द एकच, माणसं चार

'केळी' हा शब्द घ्या. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात तो रोज किती जण टाइप करत असतील! पण 'आजचे केळी भाव' असं लिहिणारा शेतकरी आहे, त्याला माल विकायचा आहे. 'केळी खाण्याचे फायदे' विचारणाऱ्याला वाचायचं आहे. 'केळी वेफर एक किलो किंमत' लिहिणारा खरेदीच्या उंबरठ्यावर उभा आहे. आणि 'टिश्यू कल्चर केळी रोपे बुकिंग' लिहिणाऱ्याचं तर शेत तयार आहे, तो हजारोंच्या संख्येने रोपं घेणार आहे.

शोध जास्त कुठे? पहिल्या दोनांत. पैसा कुठे? शेवटच्या दोनांत. नर्सरीवाल्याने 'केळी' या मोकळ्या शब्दावर बोली लावली तर दिवसाचं बजेट सकाळी दहापर्यंत भाव बघणाऱ्यांवर संपेल. 'सातबारा', 'आधार' या शब्दांचंही तेच. शोध अफाट, पण विकायला काही नाही. त्यातून सरकारी कागदपत्रांच्या सेवांवर गुगलने जाहिरातींचे कडक निर्बंध घातले आहेत.

म्हणून प्रत्येक शब्दापुढे एक खूण करा: हा माणूस घेणारा, विचारणारा की विकणारा? पैसे घेणाऱ्यावरच लावायचे. 'किंमत', 'ऑनलाइन', 'घरपोच', 'होलसेल', 'जवळ', 'बुकिंग', 'नंबर' ही घेणाऱ्याची शेपटं. 'रेसिपी', 'कसे करतात', 'फायदे', 'फोटो', 'नोकरी' ही बाकीच्यांची.

शब्द गोळा करायची रीत

सुरुवात व्हॉट्सअ‍ॅपपासून करा. जुन्या गिऱ्हाईकांचे पन्नासेक निरोप वर सरकवत वाचा आणि त्यांनी वस्तूला काय म्हटलंय ते लिहून काढा. मग गुगलच्या शोधपट्टीत त्यातला एकेक शब्द हळूहळू टाइप करा. खाली ज्या सूचना येतात, त्या मुख्यतः इतरांनी शोधलेल्या गोष्टींवरून येतात. पान तळापर्यंत नेलं की तिथे संबंधित शोधही दिसतात.

एकच शब्द दोन्ही लिपींत तपासा. आपली माणसं बोलतात मराठीत, पण मोबाईलवर बरेचदा इंग्रजी अक्षरांतच लिहितात आणि जो तो आपल्या मनाने लिहितो. 'खान्देशी'मध्ये कोणी डीनंतर एच घालतं, कोणी घालत नाही. 'काळा'मध्ये कोणी एक ए लिहितं, कोणी दोन. ही सगळी रूपं यादीत घ्या.

त्यानंतर कीवर्ड प्लॅनर. गुगल अ‍ॅड्सच्या खात्यात टूल्सखाली ते फुकट मिळतं. तुमची यादी त्यात टाकली की महिन्याला किती शोध होतात आणि वरच्या जागेसाठी साधारण काय बोली लागते, याचा कमी आणि जास्त असा अंदाज येतो. खर्च सुरू नसलेल्या खात्याला शोधांचे आकडे १ हजार ते १० हजार असे ढोबळ दाखवले जातात, त्याने गोंधळू नका. बघायचं ते बोलीचं खालचं टोक. ते आपल्या वहीच्या पहिल्या पानावरच्या आकड्याजवळ असेल तर शब्द ठेवा. लांब असेल तर आणखी नेमका शब्द शोधा. 'पापड'पेक्षा 'ज्वारीचे पापड', त्यापेक्षा 'खान्देशी बिबडे ऑनलाइन'. शोध कमी होत जातात आणि भावही सहसा उतरतो. महिन्याला पन्नास जणांनी शोधलेला नेमका शब्द मला पाच हजारांच्या मोकळ्या शब्दापेक्षा प्रिय आहे.

इथे एक खाच आहे, ती मी मालाच्या परतीतून शिकले. 'काळा मसाला' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भाजलेल्या खोबऱ्या-मिरचीचा, शेवभाजीला तर्री आणणारा मसाला येतो. पुण्याकडच्या बऱ्याच घरांत याच शब्दाचा अर्थ गोडा मसाला. तिकडून पाकीट घेतलेल्या एका ताईंनी आमटीत चमचाभर घातला आणि घरात कोणाला ती जेवेना. त्यांची चूक नव्हती, शब्द मी चुकीचा विकत घेतला होता. तेव्हापासून माझ्या यादीत नुसता 'काळा मसाला' नसतो. 'खान्देशी काळा मसाला', 'शेवभाजी मसाला' असतो आणि जाहिरातीतही 'झणझणीत' हा शब्द आवर्जून असतो.

शेवटी गुगल ट्रेंड्स. तिथला आलेख ० ते १०० असा सापेक्ष असतो, तो शोधांची संख्या सांगत नाही, चढउतार सांगतो. आपल्याकडचं कॅलेंडर त्याच्या शेजारी ठेवा. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खापरावरची पुरणपोळी, श्रावणात कानबाईचे रोट, थंडीत भरताची वांगी. केळीच्या मृगबागेची लागवड जून-जुलैत होते, कांदेबागेची ऑक्टोबरच्या सुमारास. म्हणजे रोपांच्या बुकिंगची जाहिरात त्याच्या दोन-तीन महिने आधी सुरू झालेली हवी. लागवड उरकल्यावर रोपांवर बोली लावून उपयोग काय?

खातं आणि मोहीम

नवं खातं उघडताना गुगल तुम्हाला सोप्या, आपोआप चालणाऱ्या मोहिमेकडे (कॅम्पेनकडे) नेतं. तिथून एक्स्पर्ट मोडवर जाण्याचा पर्याय शोधा. मोहिमेचा प्रकार 'सर्च' घ्या. परफॉर्मन्स मॅक्सचा मोह आत्ता नको, कारण त्या प्रकारात शब्द आपण नाही, गुगल ठरवतं आणि आपल्याला तर शब्दच शिकायचे आहेत. ओळखीच्या पडताळणीसाठी कागदपत्रं मागितली जातात. नाव पॅनकार्डावर आहे तसंच लिहा. यूपीआयने आगाऊ हजार रुपये भरले तर जीएसटी जाऊन जाहिरातीला साधारण ८४७ राहतात, हे लक्षात असू द्या.

नेटवर्कच्या भागात डिस्प्ले नेटवर्क आणि सर्च पार्टनर्स यांच्या खुणा काढून टाका. खुणा आधीच केलेल्या असतात आणि तशाच राहिल्या तर जाहिरात भलत्याच संकेतस्थळांवर आणि अ‍ॅपवर फिरते.

ठिकाण हा आपल्या भागात फार नाजूक मामला आहे. रावेरभोवती ३० किलोमीटरचं वर्तुळ टाकलंत की मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर त्यात येतं. नवापूरला तर रेल्वे स्टेशनच निम्मं महाराष्ट्रात आणि निम्मं गुजरातेत. मोटार वाइंडिंगवाल्याला हे चालेल, पण फक्त महाराष्ट्रात काम करणाऱ्याचे पैसे वाया जातील. त्याने वर्तुळापेक्षा जिल्ह्याचं नाव निवडावं. आणि ठिकाणाच्या पर्यायांत आत शिरून 'या ठिकाणी असलेली माणसं' एवढंच ठेवावं. मुळात तिथे 'असलेली किंवा रस असलेली' असं निवडलेलं असतं. त्यामुळे जळगावच्या सोन्याबद्दल दिल्लीत बसून वाचणाराही जळगावच्या दुकानाची जाहिरात बघू शकतो.

माल कुरिअरने जाणार असेल तर उलटा विचार करा. बिबडे कोणाला हवेत? ज्यांच्या घरी गच्ची उरली नाही त्यांना. सुरतच्या उधना-लिंबायत भागात खान्देशातली किती कुटुंबं पोटापाण्यासाठी जाऊन राहिली आहेत, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. पुणे, नाशिक, ठाण्याकडेही आपली माणसं आहेत. मावशीच्या मोहिमेत जळगाव जिल्हा नाहीच. सुरत, पुणे, नाशिक आणि मुंबई-ठाणे एवढंच आहे. भाषांत मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही ठेवा, कारण मराठी माणसाचा फोनही बरेचदा इंग्रजीवर लावलेला असतो. सुरतसाठी गुजराती जोडा.

बजेट दिवसाला १५० रुपये ठेवलं तर एखाद्या दिवशी गुगल ३०० पर्यंत खर्च करू शकतं, पण महिन्याला रोजच्या बजेटच्या ३०.४ पट, म्हणजे ४,५६० च्या वर जात नाही. त्यावर जीएसटी धरून ५,३८० बाजूला काढा आणि हे पैसे शिकण्याची फी आहेत असं समजा. उसनवारीचे पैसे यात घालू नका. बोलीसाठी 'जास्तीत जास्त क्लिक' घ्या आणि कमाल बोलीच्या चौकटीत आपला ४ रुपयांचा आकडा भरा. ती चौकट रिकामी राहिली तर मर्यादा काहीच उरत नाही.

शब्दांची जुळणी तीन प्रकारची: ब्रॉड (शब्दाशी लांबून जुळणाऱ्या शोधांवरही जाहिरात दिसते), फ्रेज (शोधात त्या शब्दाचा अर्थ असावा लागतो) आणि एक्झॅक्ट (शोध त्याच अर्थाचा असावा लागतो). फ्रेजसाठी शब्द अवतरणचिन्हांत, एक्झॅक्टसाठी चौकोनी कंसात लिहितात, नुसता लिहिला तर तो ब्रॉड. पहिले दोन महिने ब्रॉडला हात लावू नका. एक्झॅक्टही हल्ली अक्षरशः तंतोतंत नसतं, त्याच अर्थाचे शोध त्यात येतात. एका अ‍ॅड ग्रुपमध्ये, म्हणजे मोहिमेच्या आतल्या शब्द-जाहिरातींच्या एका गटात, एकाच मनाचे शब्द ठेवा, बिबड्यांचे वेगळे आणि मसाल्याचे वेगळे.

जाहिरात आणि पान

एका जाहिरातीत १५ पर्यंत मथळे देता येतात, प्रत्येकी ३० अक्षरांचे, आणि ४ वर्णनं प्रत्येकी ९० अक्षरांची. मराठीत काना-मात्रांमुळे जागा लवकर भरते, म्हणून बाजूचा मोजणीचा आकडा बघत लिहा. गिऱ्हाईकाचा शब्द मथळ्यात असलाच पाहिजे. 'सर्वोत्तम दर्जा' असलं काही नको. 'गच्चीवर वाळवलेले बिबडे', 'सुरतला घरपोच', '२ किलोचा खोका' हे ठोस आहे. किंमतही लिहा, ज्याला परवडत नाही तो क्लिकच करणार नाही आणि तुमचे ४ रुपये वाचतील.

वरची जागा केवळ जास्त बोलीने मिळत नाही. जाहिरातीवर क्लिक होण्याची शक्यता, शोधाशी तिचं नातं आणि क्लिकनंतर उघडणारं पान या तिन्हींचा दर्जा गुगल बघतं. १ ते १० चा क्वालिटी स्कोअर यांवरूनच येतो. चांगलं पान असलेला कमी बोलीतही पुढे जातो, आणि छोट्या माणसाला खरी संधी इथेच आहे.

पान साधं हवं. वर मालाचा स्वतः काढलेला फोटो, खाली किंमत, किती दिवसांत पोहोचतं ते, एफएसएसएआयचा (खाद्यपदार्थांच्या सरकारी नोंदणीचा) क्रमांक आणि व्हॉट्सअ‍ॅपचं मोठं बटण. मोबाईलवर झटकन उघडतं का ते स्वतः बघा. त्या बटणावर कन्व्हर्जन ट्रॅकिंग, म्हणजे जाहिरातीतून आलेल्या किती जणांनी बटण दाबलं त्याची नोंद, लावा, नाहीतर कोणत्या शब्दाने गिऱ्हाईक आणलं ते कधीच कळणार नाही. बटण दाबणारा प्रत्येक जण पैसे भरत नाही, म्हणून खऱ्या मागण्या वहीत वेगळ्या लिहा.

पहिले पंधरा दिवस

माझी पहिली मोहीम मसाल्याची होती. 'मसाला' हा शब्द मी ब्रॉडमध्ये टाकला आणि पाच दिवस निर्धास्त राहिले. तीन हजारांवर खर्च झाला, मागणी एकही नाही. मग सर्च टर्म्स रिपोर्ट उघडला, म्हणजे लोकांनी खरोखर काय टाइप केलं त्याची यादी. मसाला डोसा रेसिपी. मसाला दूध. चाट मसाला कसा करतात. पडद्यावरची ती यादी वाचताना पोटात खड्डा पडला होता. पैसे मावशीच्या गल्ल्यातले होते.

तेव्हापासून मी हा रिपोर्ट पहिला आठवडा रोज आणि नंतर दर सोमवारी वाचते. नको असलेला शोध दिसला की तो शब्द निगेटिव्हमध्ये, म्हणजे ज्यांवर जाहिरात दिसू नये त्या शब्दांच्या यादीत, जातो. निगेटिव्हला समानार्थी शब्द कळत नाहीत. 'रेसिपी' बंद केलं म्हणून 'कृती' बंद होत नाही, आणि मराठीत बंद केलं म्हणून इंग्रजी अक्षरांतलं बंद होत नाही. सगळं वेगवेगळं टाकावं लागतं. उलट एखादा चांगला नवा शोध दिसला तर तो एक्झॅक्टमध्ये घ्या.

शंभरात तीन मागण्या धरल्या होत्या ना? दीडशे क्लिक होऊनही एक नाही आली तर थांबा. सर्च टर्म्स बरोबर असतील तर दोष पानाचा, किमतीचा किंवा कुरिअरच्या खर्चाचा आहे. बोली वाढवून तो जात नाही. 'रेकमेंडेशन्स' मधल्या सूचना आपोआप लागू होण्याचा पर्याय बंद ठेवा, त्यातल्या बऱ्याचशा खर्च वाढवणाऱ्या असतात. महिन्याला तीसेक मागण्या नियमित नोंदल्या जाऊ लागल्या की कन्व्हर्जनवर चालणारी आपोआप बोली करून बघायला हरकत नाही.

दुसऱ्यांसाठी हे काम करताना

आपल्या मोहिमेचे तीन महिन्यांचे आकडे हातात आले की गावातल्या धंदेवाल्याकडे जा. गुगलच्या स्किलशॉपवर सर्च जाहिरातींची परीक्षा फुकट देता येते, ते प्रमाणपत्र जवळ असू द्या. पण बोलणं आकड्यांनीच करा.

कोणाकडे जायचं? एका गिऱ्हाईकामागे ज्याला मोठी रक्कम सुटते त्याच्याकडे. जळगावच्या चटई कारखानदाराला होलसेलची एक चौकशी २०० रुपयांना पडली आणि दहांतली एक जमली, तरी एका गठ्ठा मागणीपुढे २,००० रुपये त्याला जड नाहीत. मंगल कार्यालय, सोलर पंप बसवणारे, दातांचा दवाखाना, ठिबकचे डीलर यांचंही गणित असंच बसतं. चहाच्या टपरीला मात्र हे विकू नका, तिथे ते बसतच नाही.

जाहिरातीचं खातं धंदेवाल्याच्या नावाने आणि पैसेही त्याच्याच कार्डावरून. तुम्ही स्वतःचं मॅनेजर खातं काढून त्याच्या खात्याला जोडून घ्या. उद्या काम सुटलं तरी त्याचा सगळा इतिहास त्याच्याकडे राहतो आणि तुमच्यावर किटाळ येत नाही. फी खर्चाच्या टक्क्यांत ठरवू नका, छोट्या बजेटात ती परवडत नाही आणि खर्च वाढवण्याचा मोह होतो. महिन्याचा ठरलेला आकडा सांगा आणि मागण्यांची हमी कधीही देऊ नका. दर सोमवारी त्याला चार ओळी पाठवा: किती खर्च, किती फोन, कोणते शब्द बंद केले, कोणते जोडले. महिन्याला लाख रुपयांची खात्री देणारे महागडे कोर्स घेण्यापेक्षा अशा एका खऱ्या खात्यावर वर्षभर बसलात तर जास्त शिकाल.

गेल्या सोमवारी मावशीच्या रिपोर्टमध्ये एक नवा शोध दिसला: 'बिबड्याचा चीक सुरत'. म्हणजे कोणाला थापून वाळवलेले बिबडे नको आहेत, थापण्याआधीचा गरम चीक खायचा आहे, जो आपण लहानपणी पातेल्याशी बसून खायचो. मी मावशीला फोन केला. ती म्हणाली, "चीक काही कुरिअरने जायचा नाही. पण भरडलेलं पीठ दिलं तर तिथं शिजवतीन ना त्या?" बिबड्याचं पीठ, अर्धा किलो, सोबत चीक शिजवायची रीत लिहिलेली चिठ्ठी. त्या शब्दांचा नवा अ‍ॅड ग्रुप मी आज सकाळी चालू केला आहे, कमाल बोली ३ रुपये.